पाण्यावरची चापट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पाण्यावरची मोहफुलं काढणं. आमच्या गावच्या पोहण्याच्या टाक्याला लागून मोहाचं मोठं झाड आहे. चैत्र लागला की त्याची अर्धी फुलं भिंतीबाहेर पडतात आणि अर्धी पाण्यात. नगरपालिकेनं लांब दांड्याची जाळी दिली होती, पण पार्वतानं ती कधी हातात धरली नाही. म्हणायची, "ह्या चाळणीनं काय होते? चहा गाळाचा हाय का?" तिनं माहेरून बापाच्या जुन्या जाळ्याचा तुकडा आणला होता. एक टोक ती धरायची, एक मी. ती त्या काठानं चालायची, मी या काठानं. खोल बाजूकडून निघालो की चार फुटी बाजूला येईपर्यंत सगळी फुलं एका खेपेत गोळा व्हायची.

त्या दिवशी तिची बाजू मागं पडत होती. जाळं तिरपं झालं. मी म्हटलं, "काऊन वं, पाय चालत नाई का?"

"चालून राह्यले ना. तुमी ओढा."

मी ओढलं. काठावर फुलांचा ढीग केला. ती म्हणाली, "एवढा मोह वाया चालला. औषधाचा वास नसता तं वाळवला असता." हे ती दरवर्षी म्हणायची. मी कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि आम्ही घरी गेलो.

पार्वता माझी बायको. टाक्यावर आम्ही दोघंही कामाला होतो. कोणी बुडू नये म्हणून पाहायचं आणि ज्याला येत नाही त्याला पोहायला शिकवायचं. माझ्याकडे गडीमाणसं, तिच्याकडे बाया. मी बावीस उन्हाळे केले, तिनं चौदा. मार्कंड्याच्या देवळाच्या खाली वैनगंगेच्या काठावर तिचं माहेर. ढिवराची पोरगी. ठेंगणी होती, खांदे रुंद, पाण्यात राहून राहून केस तांबूस झालेले. आवाज असा की बाजारात बोलली तर दोन दुकानं पलीकडचा माणूस मान वळवायचा.

ती कामाला लागली ती अशी. बायांचा तास पाटीवर लिहिलेला होता, पण शिकवायला बाई मिळत नव्हती, म्हणून तो तास दोन वर्षं रिकामाच जायचा. पार्वता मला डबा द्यायला यायची. एक दिवस सुपरवायझरनं तिला विचारलं, "बाई, तुम्हाला पोहता येतं का?"

ती म्हणाली, "तुमाले चालता येते का?"

मग तिनं लुगड्याचा काचा मारला आणि खोल बाजूला उतरली. तळाला जाऊन माझी पडलेली शिटी काढून आणली. ती शिटी पडून चार दिवस झाले होते आणि मी हरवली म्हणून सांगितलं होतं. सुपरवायझर माझ्याकडे पाहत होता. मग म्हणाला, लुगडं चालणार नाही, नियमाचे कपडे लागतील. पार्वता म्हणाली, "वैनगंगेनं मले कधी कपडे इचारले नाई, साहेब." पण दुसऱ्या दिवशी ती पूर्ण बाह्यांचा कुडता आणि माझी जुनी पँट गुडघ्यावर कापून घालून आली. मला म्हणाली, "हासू नका." मी हसलो नाही. चांगली दिसतेस असंही म्हटलं नाही.

बायांच्या तासाला गडीमाणसानं आत राहायचं नाही. पण नियमानं टाक्यावर दोन माणसं पाहिजेत. याच्यावर तोड पार्वतानं काढली. मी पत्रा लावलेल्या फाटकाबाहेर, टाक्याकडे पाठ करून बसायचं. तिनं दर पाच-सात मिनिटांनी पाण्यावर चापट मारायची. तिचा बाप मासे जाळ्याकडे हाकायला तशी मारायचा. हात थोडा पोकळ करून मारली की आवाज दबका येतो, पण दूर जातो. चापट ऐकली की मी किल्लीनं फाटकावर दोनदा वाजवायचं. म्हणजे तिला कळलं मी आहे, आणि मला कळलं आत सगळं ठीक आहे.

"अन् चापट आली नाई तं?" मी विचारलं होतं.

"तं याचं. बाया कशाबी असो. लाजत बसाचं नाई."

पहिल्याच उन्हाळ्यात चापट आली नाही. मी फाटक ढकलून धावत आत गेलो. आत काही झालं नव्हतं. पार्वता काठावर उभी राहून एकीला हात कसा मारायचा ते दाखवत होती आणि तिच्या ध्यानातून गेलं होतं. आठ-दहा बाया काठावर पाय सोडून बसल्या होत्या. आठ दिवस झाले तरी त्यांना पाण्याची भीती वाटत होती. मला पाहिलं आणि सगळ्या एकदम पाण्यात पडल्या. आठ दिवसांत पार्वताला जमलं नाही ते माझ्यानं झालं. मी तिथंच उभा, त्या गळ्यापर्यंत पाण्यात, आणि पार्वता हसत हसत खाली बसली.

घरी येताना म्हणाली, "आले ते बरं केलं. चूक माही होती."

पण त्यातल्या चार जणी पुन्हा आल्या नाहीत. गावात चार दिवस माझ्याच गोष्टी. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "काय गा, लई घाई झाली होती म्हनते?" मी चहाचे पैसे देऊन उठलो. त्यानंतर चापटीला उशीर झाला तर मी लगेच उठत नव्हतो. थोडं थांबून पाहायचो. पार्वताला हे कळत होतं. ती म्हणायची, "तुमी मनात मोजता. मले माहीत हाय. मोजू नका." मी नाही म्हणायचो.

शिकवताना ती कोणाला गोड बोलत नव्हती. "पाणी तुया सासूसारखं नाई, त्याले मान देशील तं ते तुले वर धरते," असं म्हणायची. बाया हसायच्या आणि अंग सैल सोडायच्या. पण तिचं सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य वेगळं होतं. ती मलाही तेच ऐकवायची. "जो बोंबलते त्याच्यापाशी श्वास हाय. जो चूप झाला त्याच्याकडं पाहा."

शमीमला तिनं असंच काढलं. शमीम बाजारातल्या शिलाईवाल्याची बायको. चौथ्या-पाचव्या दिवशीच चार फुटी बाजूकडून सरकत सरकत पुढं गेली आणि तिचा पाय सुटला. ओरडली नाही. दुसरीकडे दोघी पाणी उडवून आरडाओरडा करत होत्या, सगळ्यांचं लक्ष तिकडं. पार्वतानं एकदम सगळ्यांना चूप केलं आणि शमीमच्या जागी पाहिलं, तर नुसते केस दिसत होते. तिनं तिला काढली, पालथी केली, पाणी ओकवलं, आणि मग चापट मारली. मी बाहेरून दोनदा वाजवलं. मला काही कळलंच नाही. ही गोष्ट मला पार्वतानं संध्याकाळी भाजी निवडताना सांगितली.

मी म्हटलं, "मले काऊन बोलावलं नाई?"

"माह्यानं झालं ना. तुमी आले असते तं ते पुन्हा आली नसती."

शमीम दुसऱ्या दिवशी आली. आता टाक्यावर तिच्याइतकं लांब पोहणारी बाई नाही.

सुपरवायझर दरवर्षी म्हणायचा, बाया कमी झाल्या तर हा तास पोरांच्या सरावाला देऊ. म्हणून पार्वता एकेक बाई धरून आणायची. भाजीवाली, अंगणवाडीतली, कोणाची सून. आठवडी बाजारात वांगी घेता घेता विचारायची, "पोहता येते का वं? नाई? मंग काय कामाची?" असं विचारून विचारून तिनं तो तास चौदा वर्षं टिकवला.

आता त्या दिवसाचं सांगतो. मी फाटकाबाहेर बसलो होतो. चापट आली, मी वाजवलं. मग पुढची आली नाही. मी वाट पाहिली. उठून उभा राहिलो, किल्ली हातात. मनात आलं, बोलत असेल. मागच्यासारखं व्हायचं. मी मोजत होतो. किती मोजलं ते आता सांगत नाही. मग चापट आली. हलकी आली. मी दोनदा वाजवलं आणि खाली बसलो.

त्यानंतर आम्ही फुलं काढली. घरी आलो. तिनं ताटात भात घेतला, अर्धा ठेवला. अंग जड झालं म्हणाली आणि चटईवर पडली. मी बाहेर खाटेवर बसलो. ती चूप होती. मला वाटलं झोपली. दुपारी चहा ठेवला आणि हाक मारली.

डॉक्टर म्हणाला हृदयाचं होतं, सकाळपासूनच सुरू झालं असेल. विचारलं, "सकाळी काही त्रास म्हणत होत्या का?" मी नाही म्हटलं.

मुलगी कुंदा नागभीडहून आली. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नदीवर नेलं. त्याच्या आधी टाक्यावरच्या बाया घरी आल्या होत्या. शमीम मला दाराबाहेर घेऊन गेली. म्हणाली, "भाऊ, एक बात सांगायची हाय. सकाळी बाई शिडी धरून उभ्या होत्या. घाम आला होता. आम्ही म्हटलं भाऊले बुलवतो, तर नाई म्हणाल्या."

"काऊन?"

"दोन नव्या बाया आजच पाण्यात उतरल्या होत्या ना. बाई म्हणाल्या, ते आत आले तं ह्या उद्यापासून येनार नाई. मग त्यांनी चापट मारली."

मी बरं म्हटलं. चापट आली नाही तर ये, हा नियम तिचा. आणि मी येऊ नये म्हणून चापट मारली तीही तिनंच. मी आधीच गेलो असतो तर काय झालं असतं, ते कोणी सांगू शकत नाही. पण मी उभा होतो. किल्ली हातात होती. हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत आहे.

नदीवर सुपरवायझरही आला होता. निघताना म्हणाला, "बायांच्या तासाचं आता बघू काय करायचं ते." मी त्यालाही बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठलो आणि कपडे घातले. कुंदा म्हणाली, "बाबा, सुतक हाय. कुठी चालले?"

"किल्ली माह्यापाशी हाय," मी म्हटलं.

पाणी फुलांनी भरलं होतं. मी जाळ्याचं एक टोक शिडीला बांधलं आणि दुसरं धरून चाललो. एका माणसानं ते होत नाही. जाळं शिडीभोवती फिरत राहिलं. अर्धी फुलं निघाली, अर्धी तशीच राहिली. गडीमाणसांना मी आज बंद आहे म्हणून परत पाठवलं.

सात वाजता बाया आल्या. शमीम होती, त्या दोघी नव्याही होत्या. फाटकाशीच थबकल्या. त्यांना वाटलं नव्हतं फाटक उघडं असेल. मी म्हटलं, "उतरा." आणि बाहेर जाऊन पाठ करून बसलो.

बराच वेळ काही आवाज नाही. मग पाण्यात उतरल्याचा आवाज आला. मग चापट. सपाट हाताची होती, जवळच विरली. मी मान न वळवता म्हटलं, "हात पोकळ कर, शमीम. तसं ऐकू येत नाई."

दुसरी चापट बरी आली. मी किल्लीनं दोनदा वाजवलं.

तिसरीला उशीर झाला. मी मोजलं नाही. उठलो, फाटक ढकललं आणि आत गेलो. सगळं ठीक होतं. शमीम ओढणीत पाण्यावरची फुलं गोळा करत होती, बाकीच्या तिला फुलं लोटून देत होत्या. मला पाहून कोणी लपलं नाही.

"चापट चुकली," मी म्हटलं.

"हो भाऊ. ध्यान नाई राहिलं."

"ठीक हाय," म्हटलं आणि पुन्हा बाहेर येऊन पाठ करून बसलो.