साडीला चिकटलेलं गवत

रणगाड्यांच्या सरावाच्या मैदानावर गवत परत येईल का, याचं गणित माझी नात संगणकावर मांडते. आज सराव नव्हता, म्हणून मीही तिच्यासोबत गेले. रणगाड्यांनी उकरलेल्या चराशी ती हिरमुसून थांबली. "आजी, माझ्या मॉडेलमध्ये इथे काहीच उगवत नाही गं."

माझ्या साडीला मात्र कडेच्या गवताची कुसळं चिकटली होती. फौजीची नवी नवरी असताना मी ती वेचून चुलीत टाकायची. काय तो तोरा! जॉर्जेटवर कुसळ म्हणजे जणू शत्रूचा हल्लाच. गवताला पाय नसतात, बिचारं येणाऱ्याजाणाऱ्याचा काठ धरतं, हे तेव्हा कुठलं सुचायला!

मी चरात फतकल मारली आणि एकेक कुसळ बियासकट मातीत सोडू लागले.

"आजी, हे मॉडेलमध्ये नाही!"

"मग घाल की. एक म्हातारी, एक साडी."

ती हसली, शेजारी बसली आणि आपल्या सलवारीची कुसळं वेचू लागली.