बोंडूच्या मागे सिंधुदुर्गात: ताईच्या कारखान्याला जागा शोधताना

"गाळा छानच आहे, पण आधी फळ बघून येऊ," ताई म्हणाली आणि एप्रिलमधल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी बहिणी कोल्हापुरातून निघालो. सुनीताताईने बावीस वर्षं एका सरबत कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली. आता तिला स्वतःचं सरबत काढायचं होतं, तेही बोंडूचं. काजूची बी काढून घेतली की जे रसाळ लाल-पिवळं फळ लोक टाकून देतात, ते बोंडू. कारखान्यासाठी कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत गाळा जवळजवळ ठरला होता. घर दहा मिनिटांवर, वीज आहे, टेंपोवाले ओळखीचे. फळ तेवढं कोकणातून आणायचं. सोमवारी होकार कळवायचा होता. मी सोबत गाडी चालवायला. खरं सांगायचं तर मासे खायला.

गगनबावड्याला चहा घेऊन करूळ घाट उतरलो. (हा घाट दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा.) तळेऱ्याच्या अलीकडे रस्त्याकडेच्या काजूखाली एक बाई बिया गोळा करत होत्या. जमिनीवर बोंडूंचा सडा, आणि गोडसर वास असा की मी काच खाली केली ती वर करवेचना. ताईने दर विचारला तर त्या हसायलाच लागल्या.

"पैसे कसले गो? खाली पडान कुसतत ते. व्हये तितके व्हरा!"

ताई हरखली. आम्ही चार क्रेट भरून डिकीत टाकले. फुकटचा कच्चा माल! ताई तोंडवलीपर्यंत बाटलीवरच्या लेबलाचे रंग ठरवत होती.

तोंडवलीत समुद्राजवळ घरगुती खोली मिळाली, दीड हजारात, स्वच्छ. सुरमईचं ताट अडीचशेला, सोलकढी हवी तितकी. संध्याकाळी किनाऱ्यावर आम्ही दोघी आणि पळणारे खेकडे. मी इतकी जेवले की ताईने माझं ताट ओढून घेतलं.

सकाळी घरमालक काका गाडीपाशी नाक वर करून उभे होते.

"बाय, रातभर गाडीत हुर्राक लावलेल्यात काय?"

हुर्राक म्हणजे बोंडूची दारू. डिकी उघडली. फळं फुटून रस खालच्या गालिच्यावर आला होता, त्याला बुडबुडे येत होते, आणि वास थेट दारूच्या भट्टीचा. एका दिवसात! ताई क्रेटकडे बघत राहिली. बावीस वर्षं रसांत घालवलेली बाई, पण तिच्या प्रयोगशाळेत फळाचा गर डब्यातून यायचा. झाडावरून पडलेलं फळ किती वेळ थांबतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. मी घाबरत तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत होती. आधी बारीक, मग पोट धरून.

"टेंपो घाट चढेपर्यंत माझं सरबत पिऊन झिंगला असता गं!"

काकांनी बादलीभर पाणी दिलं आणि पत्ताही दिला: दोडामार्गजवळ फिलूबाय आहेत, बोंडूचं काम त्यांना विचारा. कुडाळ, सावंतवाडी, बांदा करत दुपारी पोचलो. रस्ता चांगला, पुढे दोन्ही बाजूंना केळी, काजू आणि रबराची झाडं.

फिलूबाय साठीच्या. त्यांनी आमच्यासमोर बोंडू पिळले, रसात भाताची निवळ पेज घातली आणि भांडं झाकून ठेवलं. तासाभराने घसा खवखवायला लावणारा चोथा तळाशी बसला, वर सोनेरी रस. ताईने पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि डोळेच मिटले.

"हे आम्ही महागडी पावडर घालून करायचो," ती हळूच म्हणाली.

"हयसर सगळ्यांकाच येता ता," फिलूबाय म्हणाल्या.

एवढ्यात त्यांची मुलगी रोझी आली. ती रोज कंपनीच्या बसने गोव्याला जाते, बाटल्या भरायच्या लाइनीवर देखरेख करते. ताईने विचारलं, तुमची कंपनी इकडे का नाही झाली?

"माका पण तोच प्रश्न पडलेलो," रोझी म्हणाली. "साहेब म्हणाले, थंय रस्तो, लायट, बंदर सगळा आसा. माणसा बसान येतली. पण तुमचा फळ बसान येवचा नाय ना!" मग तिनेच हिशोब मांडला: बाटल्या गोव्यातून तासाभरात येतील, पर्यटक इथे आणि मालवणात, पिळणारे हात गावात. "आणि लाइन चालवक मी आसंय."

मागे रबर वाळवायची त्यांची रिकामी शेड होती. विहीर भरलेली, थ्री-फेज वीज दारात. ताई शेडमध्ये पावलांनी लांबी मोजत फिरली, तेव्हाच मला कळलं.

रविवारी तिलारी घाटाने परतलो (चढ तीव्र आहे, चालकाने सराव असेल तरच यावं). सोबत उकळून भरलेल्या सहा बाटल्या. सगळ्या शाबूत पोचल्या. सोमवारी ताईने गाळेवाल्याला नम्रपणे नाही म्हटलं.

मला वाटायचं, कारखाना म्हणजे रस्ता आणि वीज असेल तिथे उभा राहणारी पत्र्याची शेड. आता कुठल्याही कारखान्याची चिमणी दिसली की मी विचारते, इथे असं काय आहे जे दुसरीकडे नेता येत नाही? घरच्यांना त्याचा कंटाळा आलाय.

या मोसमात ताई महिनाभर दोडामार्गलाच आहे. काल मी फोन केला तर मागे यंत्राची घरघर आणि बायकांचा हशा. कुणीतरी तिला हाक मारली आणि माझी अस्सल कोल्हापुरी बहीण मला विसरून ओरडली, "येतंय गो, येतंय!" फोन चालूच राहिला. मी बराच वेळ ऐकत बसले.