धरमसिंगच्या हाताची पारख

धरमसिंग राठोडला आपल्या हाताचा भारी गर्व. फुलसावंगीजवळच्या एका जिनिंगवर तो ग्रेडर होता. मूठभर कापूस दाबून ओल सांगायची, दोन बोटांनी धागा ओढून लांबी सांगायची. यंत्र मागाहून तेच सांगतं, असं निदान तो तरी म्हणायचा. "देवानं मले अक्कल डोक्यात नाही, बोटात देल्ली," हे त्याचंच वाक्य. यातलं डोक्याबद्दलचं तेवढं खरं निघालं, हेही आता तोच सांगतो.

त्याची मुलगी बबिता तेरा वर्षांची. आठव्या वर्षापासून तिला मधुमेह, रोज इन्सुलिनची सुई. त्या वर्षी होळीनंतर तिची साखर आपोआप उतरू लागली. दोनदा तर ती घामाघूम होऊन थरथरली, तोंडात साखर कोंबावी लागली. धरमसिंग तिला रोज सकाळी कारल्याचा रस पाजत होता. झालं! रस लागू पडला, असं ठरवून गडी आपल्याच अकलेनं सुई कमी करत सुटला. हाडकुळी पोर अंगानं भरली, गळाही भरला. मे महिन्यात तांड्यावरची कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती, तेव्हा ही शाल पांघरून बसायची.

"बा, मले थंडी वाजून राह्यली."

"साखरेची गरमी निघून राह्यली, बेटी."

वर्षभरात पोरगी बोटभरही वाढली नव्हती. पण लोकांच्या कापसाची लांबी मोजणाऱ्या या गृहस्थाच्या ते ध्यानातच आलं नाही.

कापसाची ती वर्षं फार वाईट होती. जिनिंगवर येणारा माणूस मान खाली घालूनच यायचा. अशात एखादी चांगली बातमी लोकांना हवीच होती, ती धरमसिंगनं पुरवली. बबिताला नमुना म्हणून सोबत घेऊन तो फुलसावंगीच्या कौसल्याकडेही गेला. तिच्या नऊ वर्षांच्या ओमला हाच आजार.

"बबिताची सुई पुढच्या महिन्यात बंद करून राह्यलो. तूही कर."

"हो, भाऊ," कौसल्या म्हणाली.

मग तो यवतमाळला बबिताच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, तोही शाबासकी घ्यायला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बबिताला पाण्याचा घोट गिळायला लावून तिच्या गळ्यावर बोटं ठेवली.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"गाठ कायची, बाई? अंग धरलं पोरीनं."

आठ दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. बाई म्हणाल्या, "जे शरीर आधी स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलं, तेच आता गळ्यातल्या थायरॉइडवर उठलंय. अशा मुलांमध्ये हे होतं, म्हणून अधूनमधून रक्त तपासायचं असतं. दोनदा लिहून दिलं होतं मी."

दिलं होतं. "एवढ्याशा पोरीचं रक्त कायले वाया घालवा," म्हणून यानंच ते टाळलं होतं.

"थायरॉइड मंदावली, म्हणून साखर उतरत होती. कारल्याचा काही संबंध नाही. आता रोज उपाशीपोटी थायरॉइडची गोळी द्या, पोरीची उंची पुन्हा वाढेल. इन्सुलिन मात्र जन्मभर. बंद केलं असतं, तर पोरगी आठ दिवसांत हातची गेली असती."

बबिता वाचली होती. पण ओम?

फुलसावंगीला एसटीतून उतरला तो बबिताचा हात धरून थेट कौसल्याच्या दारात. "कौसल्या, ओमची सुई... बंद केली काय?"

"नाही जी."

"पण तू तर हो म्हटलं होतं!"

"मग काय म्हणू? तुम्ही एवढे खुशीत होते." कौसल्या बबिताकडे वळली. "तुम्ही बोलून राह्यलते, तवा पोरगी भर उन्हात शाल घेऊन कुडकुडत होती. 'हो' मी तुम्हाले म्हणत होती, पाहत तिच्याकडे होती."

धरमसिंग तिथंच ओट्यावर बसला आणि लेकीसमोर ढसाढसा रडला. आपलं कोणी ऐकलं नाही, याचा इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.