तुमच्यात

"तुमच्यात असंच म्हणतात का गं?" बाईंनी हसत विचारलं. आवाज अगदी गोड.

जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात गोष्ट सांगायची स्पर्धा होती. मी लहान. बाबा फॅक्टरीत लेथवर. माझ्या गोष्टीतली चिमणी मांजरीला म्हणाली, "मावशी, काहून रागावून राहिली?" थोडे जण हसले. स्पर्धा घेणाऱ्या बाईंनी तो प्रश्न विचारला आणि मग सगळेच हसले. मोकळेपणानं.

माझ्यानंतर बाईंची मुलगी उभी राहिली. माझ्याच वयाची. तिची चिमणी म्हणाली, "का बरं रागावलीस?" टाळ्या. बक्षीसही तिलाच.

मी तिच्यावर जळले. फ्रॉक काय, माझ्या आईनंही तसा शिवला असता. मला तिची जीभ हवी होती.

घरी आई म्हणाली, "काहून रडून राहिली?" तो शब्द ऐकून मी आणखीच रडले.

मग मी आरशापुढे उभी राहून बाईंच्या मुलीसारखं बोलायला शिकले. का बरं. कशाला गं. नाही का. शिकले, शाळेत शिक्षिका झाले. आता माझ्या बोलण्यावरून कुणाला काही कळत नाही. तिला मात्र कळतं. मी कितीही नीट बोलले तरी ती किंचित हसते, तिच्या आईसारखी.

मंडळात दर रविवारी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो. तो ती घेते. बी.एड. माझं, खुर्ची तिची. मी सतरंज्या घालते, फळा पुसते. मुलं तिला बिलगतात आणि मी जळते. खोटं कशाला बोलू? "संक्रांत झाली की वर्ग तुमच्याकडे देऊ," असं सेक्रेटरी म्हणाले होते. म्हणून तोंड मिटून होते.

संक्रांतीच्या रविवारी तिनं विषय घेतला, गोड बोला. शब्दांनी कुणाला दुखवू नये. मुलांनी दुखवणारे शब्द सांगायचे, ती फळ्यावर लिहिणार. मूर्ख. ढोली. काळी. बावळट. छान चाललं होतं. इतकं छान की मला तिचा पुन्हा हेवा वाटला.

जवळच्या पनागरहून येणारी एक मुलगी मागून म्हणाली, "पण ताई, काहून दुखते? शब्दानं थोडीच मार लागते?"

काय सुंदर प्रश्न होता! पोरं हसली. ती पण हसली. म्हणाली, "तुमच्यात काहून म्हणतात, हो ना बाळा? आपण का म्हणायचं."

तुमच्यात. आपण. मुलीनं मान खाली घातली.

मारानं दुखतं ते जागा सांगून दुखतं. हा शब्द जागा सांगत नाही. यात शिवी नाही, जातीचं नाव नाही, आणि तरी जात बरोबर दाखवली जाते. वर गोडही बोलता येतो.

माझ्या हातात तिळगुळाचा डबा होता. तो खाली ठेवला. खडू घेतला. बावळटच्या खाली लिहिलं, तुमच्यात.

ती गोंधळली. "अगं, हा कुठे वाईट शब्द आहे? मी तर प्रेमानं म्हणाले."

"तुझी आईपण प्रेमानंच म्हणाली होती," मी म्हणाले. "मला अजून लागून राहिलं."

लागून राहिलं. आरशापुढे इतकी वर्षं घासलेली जीभ, आणि तोंडातून माझ्या आईची भाषा आली. मुलगी वर बघायला लागली. या वेळी कुणी हसलं नाही.

तिनं फळा पुसला. स्वतः. पहिल्यांदाच.

जिन्यात सेक्रेटरी भेटले. "चलो, झालं ते झालं. पण दीदी, आता वर्ग राहू द्या. पुढच्या रविवारी येऊ नका." वर्ग गेला.

तिच्यावर मी अजून जळते. तो आवाज, ते मुलांचं बिलगणं, सगळं मला हवंच आहे. तिची जीभ तेवढी नको. ती तिलाच लखलाभ.

पुढच्या रविवारी मी जाणार. खडू माझा नेणार. फळ्यावर पहिला शब्द तोच लिहिणार, आणि पनागरच्या त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच बोलीत देणार. दारात कुणी अडवलं, तर एकच विचारीन.

काहून?