शिवणकाकूंच्या मशीनची दुरुस्ती

साहेब रिटायर झाले तेव्हा शिवणकाकूंना वाटलं होतं, आता हा माणूस घरात जरा हातभार लावेल. निदान गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे तरी बघेल. पण साहेबांची सगळी नोकरी वजनमापाच्या ऑफिसात गेलेली. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या तराजूंत खोट शोधली आणि ही सवय काही नोकरीबरोबर सुटत नाही. सुरुवातीला त्यांनी घरातल्या डब्यांची झाकणं, नळांचे वायसर आणि काकूंची भाजी चिरायची पद्धत तपासून काढली. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे त्यांना एक जुनं पायमशीन दिसलं. काकूंनी देवाचे आभार मानले. त्यात जरा घाईच झाली, हे त्यांना पुढे कळलं.

ते मशीन म्हणजे खाली जाळीदार लोखंडी पाय आणि वर गंजाचा गोळा. चाक फिरेना, सुईची दांडी हलेना, आतलं तेल सुकून त्याचा डिंक झालेला. साहेबांनी ते हातगाडीवर घालून वाजतगाजत घरी आणलं, त्याचा एकूण एक स्क्रू सुटा केला आणि रॉकेलात भिजत घातला. मग टूथब्रशने घासायला बसले. टूथब्रश कुणाचा होता ते काकूंना दुसऱ्या दिवशी सकाळी समजलं. पण मानायला हवं, मशीन चालू झालं. काजळीखालून सोनेरी वेलबुट्टी वर आली, चाकावर चामड्याचा नवा पट्टा चढला. ते बघून साहेबांचे डोळे भरून आले. मुलीच्या लग्नात ते कोरडे ठाक होते.

मग काय, घरात मशीनांची रीघ लागली. एका हॉटेलवाल्याने वरचं मशीन अडगळीत टाकून खालच्या सांगाड्यावर काच ठेवली होती आणि लोकांना त्यावर कॉफी देत होता. साहेब त्याच्याशी कडाकडा भांडले आणि ते टाकलेलं वरचं मशीन काखोटीला मारून आले. दुसऱ्या एका बंगल्यात तसल्याच सांगाड्यावर हात धुवायचं बेसिन बसवलेलं. साहेबांच्या मते असल्या माणसांना जामीनसुद्धा मिळता कामा नये. मशीन ही शिवायची वस्तू आहे, शोभेची नव्हे, असं ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे.

आणि स्वतः मात्र त्या मशीनांवर त्यांनी कधी साधा रुमालही शिवला नव्हता. बाहेरच्या खोलीत ती सगळी ओळीने उभी, अंगावर पांढऱ्या चादरी घेऊन. पाहुण्यांना बसायला जागा नाही, पण बघायला भरपूर. कुणी कौतुकाने खालच्या पायपट्टीवर पाऊल ठेवलं की साहेब केवढ्यांदा ओरडायचे, "अहो, पाय लावू नका!" पायमशीनला पाय लावायचा नाही, हा नियम साहेबांनीच काढला आणि त्यात काही विनोदी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

शिवायचं काम चालायचं ते मागच्या खोलीत, काकूंच्या मशीनवर. काकू लग्नाआधीपासून शिवत होत्या. गल्लीतल्या निम्म्या घरांचे पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश त्यांच्याच हातचे. खरं नाव कुणाला आठवत नव्हतं, सगळ्यांच्या त्या शिवणकाकू. त्यांचं मशीन मात्र बघवत नसे. सोनेरी नक्षी झिजून गेलेली, काळ्या रंगाचे टवके उडालेले, दोऱ्याचा ताण धरणाऱ्या बटणाला चिंधी गुंडाळलेली, टाक्याची लांबी ठरवणाऱ्या दांडीवर लाखेचा गोळा चिकटवलेला. सुईच्या उजव्या बाजूला तर कुणीतरी कात्रीने ओरबाडल्यासारख्या खोल रेघा होत्या. साहेब त्या खोलीत आले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "या बिचाऱ्याचे हाल बघवत नाहीत," ते म्हणायचे. काकू म्हणायच्या, "मग बघू नका."

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण साहेबांना ती ठाऊक नव्हती आणि काकूंनी ती मरेपर्यंत सांगायची नाही असं ठरवलं होतं. काकूंना दिसत नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नाही. कडेकडेचं दिसायचं, पण नेमकं जिथे बघावं तिथे धुरकट. आधी सुईचं भोक गेलं, मग सुई गेली, मग टीप. काकूंनी गाजावाजा केला नाही. बोटाला लागतील अशा खुणा त्यांनी एकेक करून मशीनवर करून घेतल्या. एक रेघ साध्या शिलाईची, त्यापलीकडची दुमडीची. कापडाची कड नखाने रेघेला लावायची आणि पाय चालू करायचा. ताण किती ते चिंधीची गाठ सांगायची, टाका किती ते लाखेचा गोळा. दोरा ओवायची तेवढी अडचण होती. त्यावरही तोड होती. गिऱ्हाईक दारात आलं की काकू हात पाण्यात बुडवून यायच्या. "जरा एवढी सुई ओवून द्याल? माझे हात ओले आहेत." शिवणकाकूंचे हात कायम ओले असतात, एवढंच गल्लीला माहीत होतं.

डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. डॉक्टर काय म्हणेल याची त्यांना भीती नव्हती, घरचे काय म्हणतील याची होती. आता आराम कर. आता पुरे झालं. प्रेमाने, पाठीवर हात फिरवून ते लोक आपलं मशीन काढून घेतील आणि आपल्याला खिडकीत बसवतील, हे त्यांना लख्ख दिसत होतं. त्यासाठी डोळे लागत नाहीत.

तशात धाकट्या बहिणीचा पाय मोडला आणि तिच्या मदतीला काकूंना जावं लागलं. तिथे पोचल्या तर बहिणीच्या पायाचं प्लॅस्टर अजून ओलं होतं आणि तिच्या मुलाने तिची सायकल देऊनही टाकली होती. "आता या वयात काय करायचीय?" तो मोठ्या मायेने म्हणाला. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. काकू तिचं पांघरूण सारखं करत राहिल्या, आणि आपलं तोंड मिटलेलं ठेवायचं हे त्यांनी तिथेच पक्कं केलं.

इकडे साहेबांना रान मोकळं. काकू परत आल्या तेव्हा मागच्या खोलीच्या दाराला चक्क फीत बांधलेली होती. आत शेजारपाजारचे चार लोक, आणि त्यांत जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई. नव्या वर्षाच्या गणवेशांचं काम काकूंकडे द्यायचं होतं, म्हणून नमुन्याचं कापड घेऊन त्या आल्या होत्या. साहेबांनी त्यांनाही समारंभात ओढलं होतं. काकूंच्या मशीनवरची चादर झर्रकन दूर झाली. सगळे म्हणाले, "वा!"

काकूंना समोर काहीतरी काळं चमकताना दिसलं. त्यांनी पुढे होऊन हात ठेवला. सगळं गुळगुळीत. चिंधी नाही. लाखेचा गोळा नाही. उजवीकडे बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. काचेसारखा सपाट रंग.

"रेघा शोधतेस ना?" साहेबांचा चेहरा नुसता फुलला होता. "पुट्टी भरली, घासली, वर रंगाचे हात दिले. आता भिंग घेऊन बघ, सापडणार नाहीत!"

यात मात्र साहेबांचं म्हणणं अगदी खरं होतं.

"चालवून दाखवा ना, काकू," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि नमुन्याचं कापड पुढे केलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. सुईसुद्धा साहेबांनी स्वतः ओवून ठेवली होती. काकू बसल्या, पाय ठेवला, चाकाला हात दिला. मशीन असं काही पळालं की नवं मशीन झक मारेल. आवाज नाही, अडखळणं नाही. फक्त कापड कुठे चाललंय हे काकूंना कळेना. आठवणीवर, अंदाजावर त्यांनी टीप मारली आणि कापड बाईंच्या हातात दिलं.

टीप कडेपासून सुरू होऊन वळत वळत मध्यावर गेली होती आणि तिथून कापडाबाहेर पडली होती. बाईंनी कापड हळूच घडी करून पर्समध्ये ठेवलं. "काही घाई नाही," त्या म्हणाल्या. काम दुसरीकडे द्यायचं असलं की लोकांना कधीच घाई नसते.

काकूंची कानशिलं तापली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. आणि मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही बिघडवलंत माझं मशीन."

साहेबांचा चेहरा काकूंना दिसला नाही. पण त्यांनी दाराची फीत सोडून हळूहळू गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी मशीन खोलायला घेतलं. कापड पुढे सरकवणारे दाते काढले, तपासले, बसवले. सुईची दांडी सरळ आहे का ते पट्टी लावून पाहिलं. पट्टा बदलला. स्वतःच्या लाडक्या मशीनांमधला एक उत्तम भाग काढून याला लावला. मग स्वतः बसून टीप मारून पाहिली, तर सरळ. काकूंना बसवलं, तर वाकडी. साहेबांना काही कळेना. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूत केसाएवढा फरक पकडला, त्याला समोर बसलेल्या बायकोकडे बघायचं तेवढं सुचलं नाही. तो मशीनकडेच बघत होता.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला काकूंना जरा गंमतच वाटली. टूथब्रशपासूनचा हिशेब होता. भरू दे थोडं, असं त्या मनात म्हणाल्या. पण साहेब भरतच गेले. जेवताना बोलेनात. बाहेरच्या खोलीतल्या चादरींवर धूळ बसली तरी झटकेनात. आणि एका सकाळी काकूंनी ऐकलं तर दारात भंगारवाल्याचा आवाज.

"सगळी?" भंगारवाला विचारत होता. "एकही ठेवणार नाही?"

"सगळी," साहेब म्हणाले. "आणि आतलंही. तिला मी विजेचं नवं आणून देतो. माझ्या हातांत काही राहिलं नाही रे. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासले... जाऊ दे. चालतं मशीन मी मारून टाकलं."

काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. गप्प राहिलं तर भागत होतं. मशीन जाईल, दोष साहेबांचा राहील, आणि कुणाला काही कळणार नाही. विजेच्या मशीनवर नव्या खुणा करून घेता आल्या असत्या. पहिल्या वेळी साहेबांच्या नकळत केल्या, तशाच पुन्हा. त्यांनी एवढा सगळा विचार केला. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या. हात कोरडेच होते.

"तुम्ही जा," त्या भंगारवाल्याला म्हणाल्या. तो गेला. मग साहेबांना म्हणाल्या, "मशीनला काही झालेलं नाही. मला दिसत नाही."

साहेब दारातून आत आले.

"त्या रेघा मीच ओढल्या होत्या. चिंधीही मीच बांधली होती. त्यावर चाललं होतं माझं."

"कधीपासून?"

"तुम्ही ते पहिलं मशीन आणलंत ना, त्याच्याही आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस! डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलेच नाही डॉक्टरकडे. गेले असते तर तुम्ही माझं शिवण बंद केलं असतंत."

इथे साहेबांनी 'छे, छे, भलतंच काय' असं म्हणावं अशी रीत आहे. त्यांनी तोंड उघडलंही. मग मिटलं.

"हो," ते म्हणाले. "केलं असतं."

काकूंना त्यांचा राग यायला हवा होता. पण या माणसाने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचं अचूक मोजमाप केलं होतं. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि रडूही आलं.

"उद्या जाऊ डॉक्टरकडे," साहेब म्हणाले.

"जाऊ. पण आधी खुणा."

मागच्या खोलीत काकू मशीनवर बसल्या. साहेब समोर स्टूल घेऊन बसले, हातात कात्री. काकूंनी सुईपासून अंगठ्याने अंतर घेतलं आणि बोट टेकवलं. "इथे." साहेबांनी आपल्या चकचकीत रंगावर कात्रीचं टोक ठेवलं आणि श्वास रोखून एक बारीकशी रेघ ओढली. काकूंनी नख फिरवलं. "लागत नाही. खोल करा." साहेबांनी जोर दिला. "आणखी." रंगाचा टवका उडाला, पुट्टीची भुकटी झाली, खालचं लोखंड करकरलं. साहेबांच्या घशातून बारीक आवाज निघाला, पण हात थांबला नाही.

मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "मी दिसतो का गं तुला?"

काकूंनी रेघेवरचं बोट तसंच ठेवलं. "कडेने दिसता. असे समोर बसलात की मग नाही."

साहेब उठले, स्टूल उचललं आणि येऊन त्यांच्या बाजूला बसले. "आता?"

"आता दिसता," काकू म्हणाल्या. "दाढी करायची राहिलीय तुमची. चला, दुसरी रेघ ओढा."