पाणी दाखवणारं यंत्र

तो जप्ती पंचनामा आठवला की आजही हसू आवरत नाही. मी तेव्हा जोतिबाच्या पायथ्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मोबाइल टॉवर तपासणारा एक तरुण इंजिनिअर फिर्याद द्यायला आला. तो चहाला थांबला असताना जीपमधून त्याचा स्पेक्ट्रम अॅनालायझर चोरीला गेला होता. हवेतल्या रेडिओलहरींचा जोर पडद्यावर रेघेने दाखवणारं, हातात धरून फिरवता येणारं यंत्र. किंमत साडेआठ लाख. ते सापडलं नाही तर कामावर येऊ नकोस, असं कंपनीने त्याला फोनवरच सांगितलं होतं.

मी यंत्राचा अनुक्रमांक लिहून घेतला. चार्जर जीपमध्येच राहिला होता, म्हणून भंगारवाल्यांबरोबर मोबाइल दुरुस्तीवाल्यांनाही कळवून ठेवलं. आठवडाभरातच एका दुरुस्तीवाल्याचा फोन आला. गावातला पाणाड्या ‘पाणी बघायच्या मशीनचा’ चार्जर मागत दुकानात बसला होता.

पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ धरून बोअर कुठे मारायची ते सांगणारा. त्याला पिशवीसकट ठाण्यात आणलं. मशीन गुरूनं दिली, यावर तो ठाम होता. अनुक्रमांक जुळतो म्हटल्यावर म्हणाला, "देवानं जुळवला आसंल."

मग आमच्याच आवारात पाणी शोध, असं मी सांगितलं. इंजिनिअरने यंत्र चार्ज करून दिलं. पाणाड्या अँटेना पुढे धरून हिंडला. कंपाउंडजवळ रेघ उसळली.

"साहेब, हितं दोनशे फुटांवर पाणी हाय."

मी त्याला त्याच जागी उभं ठेवून उलटं फिरायला लावलं. रेघ खाली बसली. परत फिरवलं, परत उसळली. त्या दिशेला काय आहे, असं मी इंजिनिअरला विचारलं.

"टॉवर आहे, सर."

पाणाड्याने मान वर करून टॉवरकडे बघितलं. मग तिथेच खाली बसला. "जीपमधनं मीच घेतली. नारळावर आता कोण इस्वास ठेवत न्हाय, साहेब. मशीन हाय का, इचारत्यात."

पंच म्हणून दोन शेतकरी बोलावले. हे यंत्र पाणी दाखवत नाही, हे त्यांना नीट समजावलं. दोघांनी माना डोलावल्या. एकाने सही केली. दुसऱ्याने पेन खाली ठेवलं.

"सही करतो की. पर आदी एकदा आमच्या रानात फिरवून आणा."

मुद्देमाल रानात फिरवता येत नाही, हे पटवण्यात माझी दुपार गेली.

पुढे कोर्टाच्या आदेशाने यंत्र परत मिळालं आणि इंजिनिअरची नोकरी टिकली. आरोपीने कबुली दिल्यावर लोकांच्या मनातलाही प्रश्न मिटतो, असं मी तोवर धरून चालत होतो. पण ज्याची विहीर आटली आहे, त्याला ती कबुली नकोच असते. तेव्हापासून साक्षीदाराने काय पाहिलं याआधी त्याला काय हवं आहे, हे मी विचारू लागलो.

ठाण्यातून यंत्र घेऊन इंजिनिअर निघाला, तर तो दुसरा पंच फाटकाबाहेर मोटारसायकल लावून उभा. इंजिनिअरने त्याला पुन्हा लहरी, अँटेना, टॉवर सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"टॉवर तर टॉवर, पावणं. पर किती फुटांवर?"