एक वायर ओढली की झालं

"एक वायर ओढली की झालं," असं म्हणून ते आधी भिंतीकडे बघायचे आणि मग छताकडे. बोलणाऱ्याकडे बघायचेच नाहीत. टाकीचं पाणी वाहून जातं म्हणा, दाराची बेल मागच्या खोलीत ऐकू येत नाही म्हणा, त्यांचे डोळे लगेच भिंतीवरून सरकायला लागायचे. कुठे भोक पाडायचं, कुठे खिळा मारायचा, सगळं तिथल्या तिथे ठरायचं. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. समोर बसलेला असतो, पण त्याचं चित्त तुमच्या घराच्या वायरिंगमध्ये असतं.

पाटबंधारे खात्याच्या कराडच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि मी टायपिस्ट. रजेचे अर्ज आणि बढत्यांची प्रकरणं हे त्यांचं काम. त्याचा विजेशी काडीचा संबंध नव्हता. वीज हा त्यांचा घरचा नाद. आणि त्यांचं घर आमच्या घरासमोरच, गल्लीच्या पलीकडे असल्यामुळे तो नाद मला फुकटात बघायला मिळाला. कचेरीत सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून मीही भाऊच म्हणायचे.

त्यांच्याकडे टेलिफोन आला, तेव्हा त्यांनी आधी तो उघडून पाहिला. महिनाभरात फोनची वायर पाण्याच्या मोटरीपर्यंत गेली. कचेरीतून घरी फोन लावायचा, थोडी घंटी वाजू द्यायची आणि ठेवून द्यायचा, की घरी मोटर चालू. पण घंटी वाजवून फोन ठेवणारे दुसरेही असतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. लग्नसराईत पाहुण्यांचे फोन सुरू झाले आणि टाकी भरून पाणी गल्लीत यायला लागलं. बायका बादल्या घेऊन बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "भाऊंकडे फोन आला वाटतं."

देवघरात त्यांनी अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा बसवला होता. तो आभाळ आलं की भरदुपारी लागायचा. वहिनी वाळवण घालायच्या आधी देवघरात डोकावून बघायच्या.

वहिनी औंधकडच्या. त्यांचा आवाज असा होता की स्वयंपाकघरातून हाक मारली, तर गल्लीच्या तोंडाशी भाजीवाला गाडी थांबवायचा. "आवं ताई," त्या मला म्हणायच्या, "ह्यास्नी सवत आणली असती तर तिनं चार भांडी तरी घासली असती. ह्या वायरी नुसत्या पायात येत्यात." भाऊ ऐकून हसायचे आणि स्क्रू पिळत राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच आणि वायरी.

पुढे स्टेशन रस्त्यावरचा एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला. तिथला जुना कॉम्प्युटर भाऊंनी रिक्षात, मांडीवर धरून घरी आणला. तो त्यांनी मधल्या खोलीत मांडला आणि दिवे, पंखे, रेडिओ सगळं हळूहळू त्याला नेऊन जोडलं. सकाळी रेडिओ आपोआप लागायचा, सांजेला अंगणातला दिवा लागायचा. कॉम्प्युटरच्या मागे वीज चालू-बंद करणारे बारके चौकोनी रिले होते, ते खटखट वाजायचे. पहिल्यांदा मी बघायला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "त्यो डबा सांगतो आन् घर ऐकतंय. माझं मातर कुणी ऐकत न्हाई." सगळे हसलो. भाऊ सगळ्यांत जास्त हसले.

तेच वर्ष असावं, वहिनींच्या पायातून चप्पल निसटायला लागली. चालताना एक चप्पल मागे राहायची आणि त्यांना कळायचंही नाही. मग हातातून चहाचा कप पडला. मग दुसरा. कराडच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं. तिथून आल्यावर दुसऱ्या दिवशी भाऊ कचेरीत माझ्या मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"नसांचा आजार आहे म्हणतात. आधी हातपाय जाणार, मग जीभ, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत."

"औषध?"

"नाही."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं, त्याला नाद म्हणवत नाही. वहिनींना उठता येईना, तेव्हा भाऊंनी पलंगाशी बटणं आणली. बोटांतला जोर गेला, तेव्हा त्यांनी कोपराने दाबायची मोठी पट्टी केली. कोपर उचलेना, तेव्हा पट्टी गुडघ्याखाली गेली. प्रत्येक वेळी रजा टाकायची, पट्टी कापायची, वायर जोडायची आणि वहिनींना ती सरावाची होईतो आजार तिथूनही पुढे गेलेला असायचा. शेवटी गाल उरला. भाऊंनी उशीवर पत्त्याच्या पानाएवढी पातळ पट्टी बसवली. गाल जरा दाबला की खटका. समोर आणून ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर शब्दांची यादी. पाणी, पंखा, दुखतंय, कुशीवर वळवा, दार. एक उजळ पट्टा एकेका शब्दावरून खाली सरकत जायचा. हव्या त्या शब्दावर आला की वहिनी गाल दाबायच्या आणि घंटी वाजायची.

वहिनींचा आवाज अजून होता तेव्हाची एक दुपार मला नीट आठवते. शब्द जड यायला लागले होते. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "आवं, माझा आवाज भरून ठेवा त्या डब्यात. मागनं बोलाया यायचं न्हाई."

भाऊ पंख्याची वायर सोलत होते. "लागणार नाही त्याची गरज," ते म्हणाले.

"लागंल."

"त्याच्या आधी औषध निघेल. अमेरिकेत चाललंय काम."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमी तरी सांगा ह्यास्नी."

मी सांगितलं. आणखी दोनदा सांगितलं. त्यांनी पुण्याहून कॉम्प्युटरला बसवायचं आवाजाचं कार्ड मागवलं, माईकही आणला. पण माईक खोक्यातच, फळीवर राहिला. त्या दिवसांत त्यांनी खिडकीचा पडदा आपोआप सरकायची सोय केली. पाणी गरम झालं की कळवणारी घंटी केली. सगळं केलं. तेवढं एक केलं नाही. बायकोचा आवाज भरून ठेवायचा म्हणजे तो जाणार हे कबूल करायचं, आणि तिथे त्यांचा हात चालत नव्हता. मला त्यांचा राग यायचा आणि राग आला की लाजही वाटायची.

पावसाळ्यात वहिनींना ताप भरला. मिरजेच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून परत आल्या, तेव्हा आवाज तिथेच राहिला होता. भाऊंनी घरात पाऊल टाकलं ते थेट फळीवरचं खोकं काढलं. माईक वहिनींच्या तोंडापाशी धरला. "म्हण. पाणी म्हण." वहिनींनी तोंड उघडलं. घशातून घरघर आली. "बरं, परत." परत तेच. त्यांनी माईक किती वेळ तसाच धरून ठेवला होता. शेवटी मीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

नुसत्या घंटीने काय हवंय ते कळत नाही, आतल्या खोलीतून धावत यावं लागतं, म्हणून शब्द बोलणारी सोय तर हवीच होती. भाऊ मला म्हणाले, "तुम्ही म्हणाल का शब्द? बाईचा आवाज तरी असेल." मी हो म्हणाले. पण वहिनींनी डोळे घट्ट मिटून घेतले. डोळे मिटले म्हणजे "नाही", उघडे ठेवले म्हणजे "हो", असं त्यांचं ठरलेलं होतं. मग त्यांनी डोळे उघडून भाऊंकडे बघितलं आणि बघतच राहिल्या. तेव्हा भाऊंनी स्वतः माईक घेतला. भिंतीकडे तोंड करून एकेक शब्द म्हटला.

तेव्हापासून त्या घरातून भाऊंच्या आवाजात "पाणी" ऐकू यायचं आणि पाठोपाठ स्वयंपाकघरातून त्यांचाच आवाज यायचा, "आलो, आलो." गल्लीतली पोरं आधी नक्कल करायची. "कुशीवर वळवा, आलो आलो." मग त्यांच्या आयांनी त्यांना दटावलं. थोड्या दिवसांनी सगळ्यांना सवय झाली. भाऊच भाऊंना हाका मारतात आणि भाऊच ओ देतात.

यादीत नसलेलं सांगायचं झालं, तर पडद्यावर मुळाक्षरं आणायची सोय होती. अक्षर अक्षर जुळवायला फार वेळ लागायचा. वहिनी ते क्वचितच करायच्या. एका रविवारी मी तिथे असताना त्यांनी अक्षरं जुळवली. आधी प. मग उकार. मग र, मग मात्रा. पुरे.

"काय पुरे? पंखा पुरे?" भाऊंनी विचारलं. वहिनींनी डोळे मिटले.

"हा शब्द यादीत घालायचा?"

डोळे उघडेच.

"नाही घालायचा," भाऊ म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

वहिनींनी रोज तोच शब्द जुळवला. रोज. श्वास घ्यायला कष्ट होत होते, तरी गाल दाबत राहिल्या. अखेर भाऊंनी माईक काढला. त्यांना तो शब्द एका दमात म्हणता आला नाही. यादीत तो सगळ्यांत खाली घातला, पट्टा तिथे उशिरा पोचावा म्हणून.

दिवाळी झाल्यावर वहिनींच्या छातीत कफ साठला. आमचे गल्लीतले डॉक्टर आले. त्यांनी भाऊंना सरळ सांगितलं, "आत्ता मिरजेला न्यावं लागेल. गळ्याला भोक पाडून यंत्रावर ठेवतील. मग ते यंत्र निघणार नाही. नाही नेलं, तर दोन दिवस."

मी पायथ्याशी उभी होते. भाऊ पलंगापाशी खाली बसले. "जायचं ना मिरजेला?" त्यांनी विचारलं. पट्टा सरकायला लागला. पाणी. पंखा. दुखतंय. सगळे शब्द ओलांडून खाली गेला.

"पुरे," भाऊंचा आवाज म्हणाला.

"नीट सांग. चुकून लागला असेल गाल."

पट्टा पुन्हा वरून निघाला. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो.

"पुरे."

त्यांनी आणखी एकदा विचारलं. आणखी एकदा तेच आलं. वहिनींचे डोळे कोरडे होते आणि भाऊंवरच लागलेले होते. भाऊ म्हणाले, "बरं." डॉक्टरांनी पिशवी बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी, पंखा चालू असताना, वहिनी गेल्या.

तेराव्याला वहिनींचा भाऊ औंधकडून आला होता. वहिनी गेल्या तेव्हा तो उशिरा पोचला होता आणि ते त्याला सलत होतं. जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "दाजी, मिरजंला का न्हाई न्हेली?"

"तिनेच नको सांगितलं."

"ती कवा बोलती झाली?"

भाऊंनी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. त्याने तो चालू करायला लावला, उशीवरची पट्टी स्वतःच्या हाताने दाबली. "पुरे" हा शब्द ऐकला.

"ह्यो तर तुमचाच आवाज हाय, दाजी."

मी मध्ये पडले. म्हटलं, मी तिथे होते, मी पाहिलंय, त्यांनी तीनदा सांगितलं. तो माझ्याशी भांडला नाही. हळूच म्हणाला, "ताई, मान कलली असंल. गाल टेकला असंल. मरणाऱ्या माणसाचं काय, तुमास्नी काय ठावं." मग पिशवी घेऊन एस.टी. गाठायला निघून गेला. बहिणीचं घर त्याने पुन्हा पाहिलं नाही.

त्याचं बोलणं भाऊंच्या मनात घर करून बसलं. ते कचेरीत येईनासे झाले. दिवसा त्यांच्या घरातून "पुरे" ऐकू यायचं. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा. ते पट्टी तपासत होते. पंख्याच्या वाऱ्याने खटका लागतो का, उशीला सुरकुती पडली तर लागतो का, उशीवर डोकं नुसतं जड झालं तर लागतो का. मी जाऊन म्हटलं, "भाऊ, वहिनींना काय म्हणायचं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. महिनाभर रोज अक्षरं जुळवत होत्या."

"ते ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी? त्या दिवशी तिची मान तिच्या ताब्यात होती का?"

"त्यांचे डोळे बघितलेत ना तुम्ही?"

"डोळ्यांचं काय. उशीवर नुसतं डोकं ठेवलं तरी लागतोय खटका. दहादा केलं, त्यात चारदा लागला."

यावर तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं असतं का, कोण जाणे.

संक्रांतीच्या सुमारास मी तिळगूळ घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ वहिनींच्या पलंगावर उताणे पडले होते. हात अंगालगत सरळ, पाय सरळ, गाल त्या पट्टीवर. डोळे पडद्यावर. मी आल्याचं त्यांना कळलं असावं, पण त्यांनी मान वळवली नाही. पट्टा सरकत होता. एका शब्दावर त्यांचा गाल दबला.

"कुशीवर वळवा," त्यांचा आवाज म्हणाला.

घरात दुसरं कोणी नव्हतं. ते तसेच पडून राहिले, कोणी येण्याची वाट बघत असल्यासारखे. मी वाटी तिथेच स्टुलावर ठेवली आणि माझ्या यजमानांना बोलावून आणलं. त्यांनी भाऊंना उठवून बसवलं, तोंड धुवायला लावलं. त्यांच्या बहिणीला उंब्रजला निरोप धाडला. ती येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी काहीच बरोबर घेतलं नाही.

घरमालकाने पुढे वायरमन बोलावला. कुठली वायर कुठे जाते याचा त्याला थांग लागेना, म्हणून त्याने सरसकट सगळ्या कापून पोत्यात भरल्या.

भाऊ वारल्याचं आम्हाला उशिरा कळलं. मी उंब्रजला त्यांच्या बहिणीला भेटायला गेले. ती साधी बाई होती, म्हशीला वैरण टाकता टाकता बोलत होती. म्हणाली, "जेवायचा, बसायचा, कुणाला तरास न्हाई. पर बोलला न्हाई ओ. आल्यापासनं एक शबुद न्हाई. तहान लागली तर नुसता माझ्याकडं बघायचा."

मी विचारलं, जिभेला काही झालं होतं का.

"न्हाई," ती म्हणाली. "डॉक्टरला दावली की. जीभ चांगली व्हती."